फिजिक्सची तीन-चार वर्षं कशी आखावीत : देवगडच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. बीएससीचं पहिलं वर्ष, दुसरी सेमिस्टर चालू, मेजर फिजिक्स. त्याने विचारलंय ते असं : पुढे संशोधनात जायचं आहे, तर मायनर (मेजरच्या जोडीचा दुय्यम विषय) गणित घ्यावं की कॉम्प्युटर सायन्स? कॉलेजात संशोधनाची लॅब नाही, मग संशोधन सुरू कधी आणि कुठे करायचं? मुंबई-पुण्याच्या कॉलेजात बदली घ्यावी का? आणि तिसरं वर्ष संपायच्या आत एखादा पेपर छापून आला तर एमएससीच्या प्रवेशाला उपयोग होतो का?

मी सव्वीस वर्षं कोकणातल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्याआधी पीएचडी केली ती प्रायोगिक स्पेक्ट्रोस्कोपीत. तू पहिल्या वर्षाला आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणते.

तुझे चारही प्रश्न वाचल्यावर त्यांच्यामागे मला एकच काळजी दिसली. संशोधन तिकडे मुंबई-पुण्यात चालतं आणि इथे बसून आपण मागे पडतोय, ही. दर वर्षी दोन-तीन मुलं तरी हीच काळजी घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहतात. इतक्या वर्षांत मी जी मुलं खरोखर मागे पडलेली पाहिली, ती दोन कारणांनी पडली. एक, त्यांचं गणित फिजिक्सच्या मागून चालत होतं. दुसरं, तीन वर्षांत स्वतःच्या हाताने घेतलेलं आणि स्वतः शेवटपर्यंत निस्तरलेलं एकही मोजमाप त्यांच्याकडे नव्हतं. या दोन्ही गोष्टी देवगडात बसून दुरुस्त होतात.

काही बाबी मात्र तुझ्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगते. तुमच्या कॉलेजात मायनरला काय काय उपलब्ध आहे, हे मला इथून कळणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांना १६० आहेत. चौथं वर्ष 'संशोधनासह ऑनर्स' म्हणून करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात आणि त्यात १२ क्रेडिटचा शोधप्रकल्प असतो. पण हे चौथं वर्ष प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात होणार नाही. तुमच्याकडे आहे का, हे ऑफिसात जाऊन आत्ताच विचार. नसेल तर तिसऱ्या वर्षी जॅम ही आयआयटीची प्रवेशपरीक्षा देऊन पुढे एमएससी, हा जुना रस्ता आहेच आणि तो चांगला रस्ता आहे. घरची ओढाताण किती आहे, हेही तुलाच माहीत. त्यामुळे पुढे जे सांगते ते फुकटात किंवा थोड्या पैशात होईल असंच सांगते.

आता मायनर. दोन्ही मिळत असतील तर गणित घे, यात माझ्या मनात शंका नाही. कारण क्रमाचं आहे. फिजिक्सचे विषय एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक थराखाली गणिताचा एक ठरलेला थर लागतो. मेकॅनिक्समध्ये आंदोलनं आली की दुसऱ्या क्रमाची डिफरन्शियल समीकरणं सुटायला हवीत. इलेक्ट्रोमॅग्नेटिझमला हात घालण्याआधी ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल हे नुसते पाठ केलेले नकोत; एखादं क्षेत्र कागदावर काढून त्याचा कर्ल कुठे शून्य आहे, हे बोट ठेवून दाखवता यायला हवं. क्वांटमच्या आधी मॅट्रिक्स, आयगन व्हॅल्यू आणि कॉम्प्लेक्स संख्या. स्टॅटिस्टिकलच्या आधी संभाव्यता. आमच्या मुलांचं होतं काय, की क्वांटमच्या वर्गात ती आयगन व्हॅल्यू पहिल्यांदा बघतात. मग फिजिक्स अवघड वाटतं, आणि अवघड असतं ते गणित. म्हणून माझा नियम असा : गणित फिजिक्सच्या एक सेमिस्टर पुढे ठेव. पुढच्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम आजच उघड, त्याला कुठलं गणित लागतं ते वहीत लिही आणि ते मे महिन्याच्या सुट्टीत कर. एकच पुस्तक घे, पण त्यातली उदाहरणं पेन घेऊन सोडव. चार पुस्तकं चाळून काही हाती लागत नाही.

कॉम्प्युटरचं काय, तर प्रोग्रॅमिंग लागणारच, पण त्यासाठी मायनर खर्च करू नकोस. व्हीएससी किंवा एसईसी या कौशल्याच्या पेपरांमध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मिळत असेल तर तिथे घे. नसेल तर पावसाळ्यात स्वतः शिक. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बाहेर पडून मोजमाप करता येत नाही, लाइट जाते-येते, एसटी अडकते. हे महिने गणित आणि पायथनला द्यायचे. फाइलमधून आकडे वाचणं, आलेख काढणं, आलेखातून रेषा किंवा वक्र बसवणं, एक डिफरन्शियल समीकरण संख्यात्मक पद्धतीने सोडवणं, एवढं आलं की पदवीपुरतं भागतं. शिकायला विषय म्हणून लंबक घे. छोट्या कोनाचं समीकरण हाताने सुटतं. मोठ्या कोनाचं सुटत नाही, ते पायथनने सोडव आणि आवर्तकाळ किती वाढतो ते बघ.

लंबकाचं नाव निघालं म्हणून प्रॅक्टिकलबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण संशोधनाची खरी तालीम तिथे होते आणि मुलं तिथेच सर्वांत जास्त वेळ वाया घालवतात. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या जर्नलांत g ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत ९.८१ आलेली असते. निम्म्याअधिक वर्गाची. मग मी विचारते, ९.८१ कुठली? आपण साधारण १७ अक्षांशावर, समुद्रसपाटीला आहोत. इथे g सुमारे ९.७८५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ९.८१ ही युरोपच्या अक्षांशांची किंमत, पुस्तकातून आलेली. म्हणजे ज्याला ९.८१ मिळाली त्याचं मोजमाप बहुधा चुकलेलं आहे किंवा उत्तर आधी आणि रीडिंग नंतर लिहिलेली आहेत.

हा फरक साध्या लंबकाने पकडता येतो का? हिशेब करून बघ. एक मीटर लांबीला g ९.७८५ धरली तर आवर्तकाळ २.००८६ सेकंद, ९.८१ धरली तर २.००६१. फरक अडीच मिलिसेकंदांचा. वीस आंदोलनं मोजलीस तर एकूण फरक ०.०५ सेकंद, तो स्टॉपवॉचवरच्या अंगठ्यात हरवतो. दोनशे मोजलीस तर अर्धा सेकंद, तो हरवत नाही. पण मग लांबी मिलिमीटरपर्यंत नीट हवी, कारण एका मीटरला एक मिलिमीटरची चूक म्हणजे g मध्ये जवळजवळ ०.०१. आणि झोका तीन अंशांच्या आत हवा. बघ, एका प्रश्नातून किती वेळ मोजायचं, काय किती अचूक हवं आणि कुठली चूक आधी मारायची हे सगळं ठरलं. मोठ्या लॅबमध्ये लेझरसमोर बसूनही हेच करतात. ज्या मुलीने माझ्याकडे ९.७८ ± ०.०१ असं लिहून आणलं होतं आणि तो ०.०१ कुठून आला हे सांगितलं होतं, तिचं जर्नल मी अजून जपून ठेवलंय.

उपकरणं जुनी आहेत ही तक्रार खरी आहे. खाऱ्या दमट हवेने आमच्या स्पेक्ट्रोमीटरच्या प्रिझमवर बुरशी येते, गॅल्व्हानोमीटरचे स्क्रू गंजतात. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवणं आणि त्या महिन्याला तापवून परत ठेवणं हे काम आमच्याकडे मुलंच करतात. तूही मागून घे. उपकरण पुसणारा, जुळवणारा, उघडून बघणारा मुलगा त्यावर नुसती रीडिंग घेणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकतो, आणि लॅब असिस्टंटकाकांशी ओळख झाली की सुट्टीतही लॅब उघडून मिळते.

आता संशोधन. तुला लॅब नाही, पण समुद्र आहे. आमच्याकडच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याचं गाव खाडीच्या तोंडाशी, घरची होडी. त्याच्या आजोबांचा हिशेब ठरलेला : "तिथीची पाऊणपट कर, भरती गावता." चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. किनाऱ्यावर हा नियम सगळ्यांना माहीत असतो. मुलाने दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टला हा नियम तपासायला घेतला.

आधी कागदावर. चांद्रमासात तिथी तीस आणि तेवढ्यात भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास सरकते. म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. आजोबांच्या नियमात ४५. पंधरा तिथींत नियम ११ तास १५ मिनिटं सरकवतो, सरकायला हवेत बारा तास. पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाची चूक, आणि अमावास्या-पौर्णिमेला मोजणी पुन्हा सुरू होत असल्याने ती साठत जात नाही. तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी, म्हणून ती टिकली. शिवाय प्रत्येक बंदराला स्वतःचा असा ठरावीक फरक असतो, तो वेगळाच.

मग जेटीवर. लाटांमुळे पाणी वरखाली होतं, पट्टी वाचताच येईना. त्याने पीव्हीसी पाइप उभा बांधला, तळ बंद करून त्याला बारीक भोक पाडलं आणि आत थर्मोकोलचा तरंगता तुकडा टाकला. भोकातून पाणी हळू आत-बाहेर होतं, लाट आत पोचत नाही, भरती पोचते. दुसरी अडचण : पूर्ण भरतीची नेमकी वेळ दिसतच नाही, कारण माथ्याला पाणी बराच वेळ जागच्या जागी असतं. त्यावर उपाय असा, की चढताना पाणी एका खुणेला आलं ती वेळ आणि उतरताना त्याच खुणेला आलं ती वेळ, दोन्हींचा मध्य काढायचा. अशा तीन-चार खुणा घेऊन सरासरी. हे त्याचं त्याला सुचलं.

महिनाभराने तो पडलेल्या चेहऱ्याने आला. रीडिंग चुकलीत म्हणाला. अमावास्येच्या आसपास भरती रोज फक्त पस्तीस-चाळीस मिनिटांनी उशिरा येत होती आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीनंतर भरती लहान असते तेव्हा, पंचाहत्तर-ऐंशी मिनिटांनी. पुस्तकात सरासरी पन्नास. त्याने वहीत पेन्सिलने काही वेळा 'सुधारून' ठेवल्या होत्या. मी त्याला त्या खोडायला लावल्या आणि मूळ आकडे परत लिहायला लावले. मग दोघांनी बसून दोन कोसाइन एकत्र केले, एक चंद्राचा, १२.४२ तासांचा, दुसरा सूर्याचा, बरोबर बारा तासांचा, चंद्राच्या साधारण चाळीस टक्के उंचीचा. उधाणाला दोन्ही एकाच तालात असतात, तेव्हा सूर्य भरतीला आपल्याकडे ओढून ठेवतो आणि उशीर ५० ला १.४ ने भागून सुमारे ३६ मिनिटं होतो. भांगाला दोन्ही एकमेकांविरुद्ध, तेव्हा ५० भागिले ०.६, म्हणजे ८३ मिनिटं. त्याची वही बरोबर होती. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेले नाही. पाण्याकडे रोज बघणाऱ्या माणसाला सूर्याचा वाटा एका बांबूच्या आधाराने बांधलेल्या पाइपातून दिसला होता.

पुढे त्याने पायथनने महिन्याचे सगळे आकडे त्या दोन कोसाइनवर बसवले, तरी शिल्लक राहिलीच, कारण आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, दिवसाला एकदाच येणारे घटकही आहेत. ते त्याने तिसऱ्या वर्षाला घेतले. एमएससीच्या मुलाखतीत त्याला अर्धा तास याच विषयावर विचारत होते, असं त्याने फोनवर सांगितलं.

हे असंच तूही कर असं नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा तुला माहीत असेल. मुंबईत ट्राम विजेवर चालणार म्हणून कुलाब्याची मोजमापं तिथे हलवली, १९०४ पासून तिथे नोंदी आहेत, आणि उपकरणांची इमारत मुद्दाम लोखंड न वापरता बांधलेली आहे. ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, संस्थेचं मुख्य ठिकाण नवीन पनवेल. तिथली आकडेवारी अभ्यासासाठी मिळते. शांत दिवशी सूर्यामुळे चुंबकीय क्षेत्रात रोज उठणारा उंचवटा आणि मे २०२४ च्या मोठ्या चुंबकीय वादळाचा खड्डा, दोन्ही एकाच कागदावर काढून बघ. घरबसल्या होणारं काम आहे.

तुझ्या तालुक्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट, कारण तीही संशोधनाचाच भाग आहे. विजयदुर्गावरून लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, पण ज्याचं नाव या शोधात लॉकियरसोबत घेतात तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात. लॉकियरने ग्रहणाशिवाय सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला तो त्याच वर्षी ऑक्टोबरात. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. यात विजयदुर्गचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही. पण मूळ कागद उघडून तारीख आणि जागा ताडून बघायची सवय तुला आत्तापासून लागायला हवी, आपल्या गावाच्या अभिमानाची गोष्ट असली तरी.

बाहेरच्या संधी बऱ्याच आहेत आणि त्यांना कॉलेजचं नाव आड येत नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम २००४ पासून चालतो, तो पदवीच्या मुलांसाठीच आहे. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते. तिचे अर्ज आदल्या वर्षीच हिवाळ्याच्या तोंडावर भरायचे असतात, हे न कळल्याने आमच्याकडची निम्मी मुलं हुकतात. पुण्याचं आयुका आणि मुंबईचं टीआयएफआर या संशोधन संस्थांतही उन्हाळी कार्यक्रम असतात. फिजिक्स शिक्षकांच्या आयएपीटी या संघटनेची एनजीपीई परीक्षा दे, निकालासाठी कमी आणि आपला अभ्यास कुठे उभा आहे हे कळण्यासाठी जास्त. उन्हाळी कार्यक्रमांना बहुधा शिफारसपत्र लागतं. 'हा विद्यार्थी हुशार व होतकरू आहे' एवढंच लिहिण्यासारखं असेल तर त्या पत्राला वजन नाही. 'याने पाइपातून लाटा कशा गाळल्या' हे लिहिता आलं तर आहे. म्हणून अर्ज दुसऱ्या वर्षी करायचा असेल तर मोजमाप त्याआधी सुरू व्हायला हवं.

बदली घेऊ नकोस. मुंबईत हॉस्टेल, लोकल, मेस यांत जे पैसे आणि तास जातील त्यांच्या बदल्यात बीएससीला मिळणारं जास्तीचं फार थोडं आहे. तुमच्याकडे फिजिक्सचे शिक्षकच नसतील, तासिका तत्त्वावर येऊन-जाऊन भागवत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. मग रत्नागिरी-सावंतवाडीसारख्या जवळच्या ठिकाणचा विचार आधी कर. मोठं स्थलांतर एमएससीला करायचं.

पेपरबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. पैसे भरून आठवड्यात छापून देणारी जर्नलं आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या तीन विद्यार्थ्यांकडून अशाच एकाने पैसे घेतले. त्यातल्या एकीच्या आईने बांगडी मोडली होती. पेपर छापून आला, कोणी तपासला नव्हता, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत त्यातल्या एका आलेखावर विचारल्यावर मुलीला उत्तर देता आलं नाही. पदवीला पेपर नसला तरी कुठेही दार बंद होत नाही. दहा पानांचा स्वच्छ अहवाल, त्यात मूळ रीडिंग, त्रुटींचा हिशेब आणि काय जमलं नाही याची कबुली, हे जवळ असू दे.

क्रम डोक्यात बसावा म्हणून थोडक्यात : या मे महिन्यात डिफरन्शियल समीकरणं आणि मॅट्रिक्स, पावसाळ्यात पायथन, दिवाळीनंतर फील्ड प्रोजेक्टचं मोजमाप आणि उन्हाळी फेलोशिपचा अर्ज. तिसऱ्या वर्षी इलेक्ट्रोमॅग्नेटिझम आणि क्वांटमला पूर्ण वेळ, त्याच वर्षी जॅम, कारण त्या दोघांची तयारी एकच आहे. एखादी सेमिस्टर बिघडली, एटीकेटी लागली, घरी अडचण आली तर प्रोजेक्ट लांबव, गणित लांबवू नकोस.

तुमच्या कॉलेजची मायनर आणि व्हीएससीची यादी इथे टाक, म्हणजे नेमकं कुठलं घ्यायचं ते सांगता येईल. आणि भरतीच करायची असेल तर दिवाळीनंतर समुद्र शांत झाल्यावर पाइप बांध, एकट्याने रात्री जेटीवर जाऊ नकोस, आणि अष्टमी ते एकादशीचे चार दिवस काही झालं तरी चुकवू नकोस. वेळ सर्वांत वेगाने सरकते ती तेव्हाच.